सुनेचं ‘आम्ही’ आणि निर्मळ, सांडोर, अर्नाळा

सगळ्यांत आधी टपकली ती तळमजल्यावरची कुसुम. हातात रिकामी वाटी, तोंडाने “साखर संपली बाई” आणि नजर थेट आतल्या खोलीत. तिच्या नवऱ्याचं किराणा मालाचं दुकान आहे, तिच्याकडे साखर संपते कशी ते तिलाच ठाऊक. तिच्या मागोमाग वरच्या मजल्यावरच्या दोघी, मग समोरच्या बिल्डिंगमधल्या मास्तरीणबाई, मग ज्यांच्याशी आमचं पाण्याच्या टाकीवरून दोन वर्षं बोलणं नव्हतं तीही मंडळी. सगळ्यांना माझी गोरी सून बघायची होती. सून बिचारी विमानातून उतरून नुकती न्हाऊन आलेली, केसांतून पाणी ठिबकतंय, आणि प्रत्येकीपुढे हात जोडून म्हणतेय, “नमस्कार. मी मारित.”

मी खुशीत होते. का नसेन? नात तीन वर्षांनी समोर आली होती. तारा नऊ वर्षांची झाली, माझ्या खांद्याला लागते आणि मराठीत भांडते. आजीला आणखी काय लागतं?

शाळा मी चौथीपर्यंत पाहिली. मी कागदावर लिहिते आणि शेजारची वीणा कॉम्प्युटरवर चढवते. तिचं म्हणणं, आजी, तुम्ही आपल्या वसई भागातल्या जागा लिहा, लोकांना फिरायला उपयोग होईल. तेव्हा रस्ते, बस, खाणं सगळं सांगते. पण आधीच बोलून ठेवते, ह्या फिरण्यात माझी सून माझ्या हातातून गेली, आणि नातही जवळजवळ गेलीच. फक्त देवळाची आणि समुद्राची माहिती हवी असेल त्यांनी मधलं मधलं सोडून वाचावं.

आमचं घर आचोळ्याला, म्हणजे नालासोपारा पूर्वेला. दोन फ्लॅट शेजारी शेजारी. एक आमच्या ह्यांनी घेतला, एक भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, आणि पहिल्याच महिन्यात मधली भिंत पाडून टाकली. बिल्डर ओरडला, पण भाऊजी म्हणाले, गावाला एका चुलीवर जेवलो, इथे काय दोन गॅस पेटवायचे? हे गेले तरी अजून एकच गॅस आहे. माझा मुलगा सुहास हॉलंडला नोकरीला गेला आणि तिथे त्याने मारितशी जमवलं. लग्न मात्र इथे केलं, आचोळ्याच्या हॉलमध्ये, गावाहून दोन टेम्पो भरून माणसं आणली. तांदळाच्या ताटात सुहासने अंगठीने ‘मानसी’ लिहिलं, आमच्याकडे सुनेचं नाव बदलतात ना. मारितने ते नीट वाचलं आणि शेजारी बोटाने ‘मारित’ लिहिलं. भटजी थांबलेच. मी हसले. भाऊजी हसले नाहीत. ते आजही तिला मानसी म्हणतात आणि ती आजही अर्ध्या मिनिटाने ओ देते.

मराठी ती माझ्यासाठी शिकली. आधी पुस्तकातून, मग दर रविवारी माझ्याशी फोनवर. व्याकरण माझ्याहून चांगलं. एकच घोटाळा, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. आल्या दिवशी ती कुसुमला म्हणाली, “बसा, आम्ही चहा पिऊ.” कुसुम म्हणते, “प्या बाई, मी बघत बसते!” सगळं घर हसलं. मारितही हसली. तिच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे म्हणे. मी म्हटलं, समोरचा धरून बोलायचं तर ‘आपण’, समोरच्याला वगळून बोलायचं तर ‘आम्ही’. तिने मान हलवली आणि दोनदा पुटपुटली, समोरचा धरून, समोरचा वगळून.

रात्रीच्या जेवणाला ती सुहासकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “उन्हाळ्यात आम्ही नव्या घरात जाणार.”

माझी जाऊ शालिनी म्हणाली, “अगं, आपण म्हण, आपण! नवरा समोर बसलाय ना तुझा.”

“आपण,” मारित म्हणाली. मग थोडी थांबली. “नाही. आम्ही.”

“हट्टी आहे हो वहिनी तुमची सून,” भाऊजी म्हणाले आणि त्यांनी भात वाढून घेतला. सुहास ताटात बघत होता. मला वाटलं, बायकोची चूक निघाली म्हणून लाजला.

दोन दिवस घरात नुसती जत्रा. शेवटी मारित म्हणाली, आई, तुम्ही, मी आणि तारा कुठेतरी जाऊ या. सुहास म्हणाला, “तुम्ही जा, माझे कामाचे फोन आहेत.” तो फोनवर कोणाशी बोलत होता देव जाणे, मला तर कपाटासमोर नुसता उभाच दिसायचा.

आता रस्ता सांगते. सकाळी लवकर निघा. आचोळ्याहून रिक्षाने स्टेशन, पूल ओलांडून पश्चिमेला एसटीचा स्टँड. निर्मळची गाडी तिथून मिळते, तिकीट मामुली आहे, पण गर्दीत पिशव्या पुढे धरा. सोपारा गाव संपलं की हवाच बदलते. एवढ्या इमारतींच्या मागे एवढी हिरवळ लपलेली असेल असं आचोळ्यात बसून वाटत नाही. केळीच्या बागा, पानवेली, तगर, मोगरा, आणि पोत्यांत फुलं बांधून स्कूटरवर निघालेली माणसं. निर्मळला जुनं देऊळ आहे, मोठं तळं आहे. फेब्रुवारीत तळ्याच्या काठी बसावं, ऊन लागत नाही. चप्पल काढून ठेवायला जागा आहे, कोणी नेत नाही.

तिथे एका बाईकडे सुकेळी होती. राजेळी केळी उन्हात सुकवून पानात बांधतात ती. मारितने ताराला विचारलं, “तुला काय हवंय? हे, का ते, का काहीच नको?” आणि पोर विचार करत उभी. तिच्या आईची थांबायचीही तयारी. ती बाई म्हणाली, “ओ ताई, पोरीला विचारत बसाल तर माझं दुकान मिटायची वेळ होईल. द्या हातात, खाईल.”

मारित म्हणाली, “तिला ठरवू दे.”

“नऊ वर्षांची काय ठरवणार? माझ्या लग्नाचं मला कोणी विचारलं नव्हतं, ही केळ्याचं विचारतेय!”

मी पण हसले. तेवढ्यात ताराने मला विचारलं, “आजी, तुला आवडतात का?”

“सगळ्यांना आवडतात गं राजेळी.”

“सगळ्यांना नाही. तुला?”

आता काय सांगू? मी तोंड उघडलं आणि माझ्याच लक्षात आलं की मला केळं आवडतच नाही. चौसष्ट वर्षं खाते आहे. घरात येतं, वाटणीला येतं, खाते. मी ताराच्या कानात सांगितलं. तिने इतक्या जोरात आईला ओरडून सांगितलं की तळ्यावरचे लोक वळून बघायला लागले. तिघी हसून लोळायच्या बाकी होतो. इतकी हसले मी त्या दिवशी.

दुपारी रिक्षा सांगून सांडोरला गेलो. रिक्षावाल्याशी आधी बोलून घ्या, नवा माणूस दिसला की भाव वाढतो. सांडोरला माझी मैत्रीण फिलू आहे, फिलोमिना. आचोळ्यात टोपली घेऊन भाजी विकायला यायची, आमची ओळख वांग्यांवरून भांडता भांडता झाली. आता गुडघे गेले, पण वाडी आहे, विहीर आहे, दोन्ही दीर कुंपणाला लागून राहतात. तिने आम्हाला ठेवूनच घेतलं. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, वर पिठाचे तळलेले गोल फुगे. मारितने “नको, पोट भरलं” म्हटलं तर फिलू म्हणाली, “एकदा नको म्हटलेलं आमच्यात धरत नाय,” आणि दोन फुगे ताटात पडले. मारित माझ्या कानात म्हणाली, “आई, इथे नको कितीदा म्हणायचं?” मी म्हटलं, म्हणत राहायचं आणि खात राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारा फिलूच्या नातवंडांबरोबर पाटाच्या पाण्यात खेळत होती. मी आणि मारित विहिरीजवळच्या कट्ट्यावर. फिलू शेजारी भेंडी खुडत होती. मी मजेत होते, मी म्हटलं, “मारित, आता तुझं ‘आपण’ पक्कं करून टाकू. म्हण, आपण नव्या घरात जाणार.”

ती म्हणाली, “आई, मी चुकले नव्हते. आम्ही म्हणजे तारा आणि मी. सुहास नाही. समोरचा वगळून.”

मला एकदम कळलंच नाही. मी म्हटलं, सुहास नंतर येणार का?

“नाही. सुहास दुसरीकडे राहतो. चार महिने झाले. आम्ही वेगळे होतोय. त्याने आणि मी मिळून तुम्हाला तुमच्यासमोर बसून सांगायचं, असं ठरलं होतं. म्हणून आलो. फोनवर सांगणं बरोबर नाही. तो रोज म्हणतो, उद्या सांगतो.”

म्हणजे सगळ्या घरादारासमोर ती सांगत होती आणि आम्ही बसून तिचं व्याकरण सुधारत होतो.

मारझोड? नाही. दारू? नाही. दुसरी कोणी? नाही. मग काय झालं? ती म्हणाली, “बरोबर राहून दोघं उदास असतो. वेगळे असलो की नसतो.” एवढंच. मी म्हटलं, एवढ्यावर? उदास तर काय, मी ह्यांच्याबरोबर कित्येक वर्षं उदास होते, ते पण असतील, कोणी कोणाला विचारलं नाही. मग मी विचारलं, “कोणाला विचारलंत?”

ती गोंधळली. “कोणाला विचारायचं?”

“मोठ्या माणसांना. मला. तुझ्या आईला.”

“आईला सांगितलं. ती म्हणाली, तुला बरं वाटणार असेल तर कर.” मग हळूच म्हणाली, “सुहासने मला विचारलं, मी त्याला विचारलं. लग्न दोघांचं होतं ना?”

दोघांचं! दोन टेम्पो माणसं आली होती. माझ्या नणंदेने बांगड्या मोडून अंगठी केली होती. आणि ही इतकी सरळ मुलगी, खोटं बोलायचं नाही म्हणून एवढ्या लांब आलेली, ती म्हणते दोघांचं. मला तिचा राग यावा म्हणून मी वाट बघत होते. येईना.

फिलू भेंडी ठेवून म्हणाली, “फादरकडे जा. आमच्यात असं झालं की फादर बोलावतात दोघांना, दोन-तीनदा समजावतात.”

मारित म्हणाली, “आम्ही बोललो एका बाईशी. तिचं शिक्षण त्याचंच आहे. तिने पण विचारलं, तुम्हाला काय हवंय.”

“घ्या!” फिलू म्हणाली. “परत तेच.”

मग मारितने माझा हात धरला. म्हणाली, “मी सुहासला सोडते आहे. तुम्हाला नाही. तुम्ही माझ्या आई. मी दर वर्षी ताराला घेऊन येईन, तुमच्याकडे राहीन.” तिला ते इतकं सोपं दिसत होतं, आणि माझ्याने तिला सांगवेना की ‘तुमच्याकडे’ असं आचोळ्यात काही नाहीच. तिथे माझी एक खाट आहे, भिंत पाडली होती तिथेच बरोबर.

जेवून अर्नाळ्याला गेलो. जायचं मन नव्हतं, पण ताराला समुद्र कबूल केला होता. वसईहून अर्नाळ्याची एसटी आहे, आगाशीवरून जाते. शेवटच्या थांब्यावर उतरा, सुरूच्या झाडांतून पाच मिनिटं चाललं की वाळू. किल्ला समोर बेटावर आहे, होडीने जातात. होडीत चढताना गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, साडी आधीच खोचून घ्या. एका कोळणीने मला बखोट धरून वर ओढलं आणि म्हणाली, “आजी, जपून, पानी वाढतंय.” आम्ही किल्ल्यात फार फिरलो नाही. मारित एकटी तटापर्यंत गेली. मी आणि तारा दगडावर बसलो.

ताराने शिंपल्यांची ओळ लावली. मी विचारलं, बाबा आणि आई वेगळे राहणार ते तुला ठाऊक आहे का गं? म्हणाली, हो, मला विचारलं त्यांनी, कोणाकडे किती दिवस. सोमवार ते गुरुवार आई, शुक्रवार, शनिवार, रविवार बाबा.

मी आपलं लाडात येऊन म्हटलं, “आणि आजीकडे?”

ती खरंच विचार करायला लागली. शिंपल्यांवर बोट ठेवून पुन्हा वार मोजले. मग माझ्याकडे बघून वाईट वाटून म्हणाली, “आजी, आठवड्यात सातच दिवस असतात.”

त्या लेकराने माझ्यासाठी जागा शोधली होती हो. नव्हतीच.

परत आलो तर घरात चपलांचा ढीग. सुहासने शेवटी तोंड उघडलं होतं, पण मला सांगायच्या आधी भाऊजींना. आणि भाऊजींनी बैठक बोलावली होती. भाईंदरचे चुलतभाऊ, दहिसरचे मामा, शालिनीचा भाऊ, ज्याचा ह्यात काही संबंध नाही, पण तो आपला आला. बारा-तेरा पुरुष माणसं पाडलेल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाय पसरून. चहा होत होता. मी आत जाऊन पदर खोचला आणि कप विसळायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं.

सुहासला फार कोणी बोललं नाही. परदेशात असं होतंच, पोरगा साधा आहे, फसला. मामा म्हणाले, तारा आपली आहे, सुहासबरोबर येत राहील, ती बाई ह्या घरात नको. सगळ्यांनी माना हलवल्या. एवढ्या एकमताची माणसं मी आमच्याकडे पाण्याच्या टाकीसाठीही पाहिली नाहीत.

मारित दारात येऊन उभी राहिली. “माझ्याबद्दल बोलताय. मला बसायचं आहे.”

भाऊजी म्हणाले, “मानसी, तू आत बस. हे घरचं बोलणं आहे.”

“मी घरची नाही?”

मामांनी चहा मागितला. सुहास मोबाईल उलटा-सुलटा करत बसला. त्याच्यावर मी जितकी माया केली त्याचा मला त्या क्षणी कंटाळा आला. मारितने भाऊजींना सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. ट्रे माझ्या हातात.

“आई, मी परत येऊ का? तुम्ही सांगा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला हो म्हणायचं होतं. केळ्यासारखं कानात म्हणायचं असतं तर म्हटलं असतं. माझ्या तोंडून निघालं, “बघू आपण.”

ती म्हणाली, “आपण म्हणजे कोण, आई?”

चिडून नाही विचारलं. रविवारी फोनवर शब्दाचा अर्थ विचारायची ना, अगदी तसं. मी चहा द्यायला वाकले.

बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी ती ताराला घेऊन निघाली. सुहास राहिला, आठ दिवस आणखी, शालिनी त्याला रोज वेगवेगळं करून घालत होती. टॅक्सीपाशी कुसुम आली, तळमजल्यावरून बघायला तिला जिना चढावा लागत नाही. तिने आपणहून ताराच्या खाऊचा पुडा दिला आणि मारितला म्हणाली, “ये गं बाई परत.” ते म्हणायचा हक्क माझा होता. मी ताराचा स्वेटर सारखा करत होते.

कोणी विचारलं, काय राहिलं ह्या फिरण्यातून, तर काय सांगू? जागा चांगल्या आहेत, जाऊन या. निर्मळला सकाळी, अर्नाळ्याला भरती बघून. सांडोरला ओळख असेल तरच राहायला मिळेल. आणि राहिलं ते हे की मारितच्या देशात माणूस एवढा सुटा की आजीला वार उरत नाही, आणि माझ्या घरात माणसं एवढी चिकटलेली की मला एक हो उरत नाही. ह्यातलं बरं काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. रविवारी फोन वाजतो. हल्ली शालिनी आधी उचलते आणि म्हणते, वहिनी देवळात गेल्यात. मी इथेच असते, भाजी निवडत.

मागच्या रविवारी मात्र वीणाच्या घरी फोन आला. मारितने विचारलं नाही, सांगितलं. तिकिटं काढली, तारा आणि ती. हॉटेलात नाही, आचोळ्यालाच येणार, माझ्याकडे. ‘माझ्याकडे’ दोनदा म्हणाली. घरात मी अजून कोणाला बोलले नाही. इथे लिहिते कारण भाऊजी कॉम्प्युटरवर फक्त पत्ते खेळतात.

नाताळच्या आधीचा मंगळवार, सकाळी. मंगळवारी भाऊजींची सुट्टी असते, दार तेच उघडतात.